माझ्या छातीतलं यंत्र

"बघा हं, मी 'मर' म्हटलं की हा मरतो," असं दादा बारा वर्षांचा असताना पाहुण्यांना सांगायचा, आणि आमचा कुत्रा ढब्ब्या खरोखर धाडकन आडवा व्हायचा. मी टाळ्या पिटायचे.

मृत्युपत्र असं सुरू करू नका, असं वकीलबाई दोनदा म्हणाल्या. असो. माझं वय सेहेचाळीस, बुद्धी शाबूत, कुणाचा दबाव नाही. पुढच्या आठवड्यात पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे स्वहस्ते लिहिते. आधीचे दोन खर्डे फाडले.

१. राहती जागा आणि बँकेतली शिल्लक भाचीला. न्हाणीघराचं दार किंचित उचलून लावावं लागतं.

२. पाळीव प्राण्यांच्या हृदयरोग रुग्णालयात मी सतरा वर्षं सोनोग्राफी करते. माझा स्टेथोस्कोप तिथल्या सहकारणीला. तिने जेल आधी तळहातावर कोमट करावं, थंडगार थापू नये.

३. वहिनीने 'चार दिवसांसाठी' नेलेली शिलाई मशीन तिलाच. मागून मागून माझी जीभ झिजली.

४. माझ्या छातीतला पेसमेकर. याच नोकरीत मला कळलं, ढब्ब्या खेळत नव्हता. पाहुणे आले की तो नाचायचा, त्याचं मंद चालणारं हृदय मागे पडायचं आणि शुद्ध हरपायची. पाय लटपटताना दिसले की दादा 'मर' म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी मी त्याला हे सांगितलं. "आता हेही माझ्याच माथी मार," म्हणाला आणि ताटावरून उठला. तेव्हापासून माझ्याकडे फिरकलेला नाही. सांगायला नको होतं, असं रोज वाटतं. संध्याकाळपर्यंत पुन्हा उलटं वाटतं.

आता अशा कुत्र्यांना पेसमेकर बसवतात. गेलेल्या माणसाचा काढून, तपासून, निर्जंतुक केलेलाही चालतो. माझा गेल्याच वर्षी बदललाय. अजून आठ वर्षं सहज चालेल. दहनाआधी तो काढावाच लागतो. कचऱ्यात न टाकता आमच्या रुग्णालयाला द्यावा. सख्खा भाऊ म्हणून संमतीची सही दादाची लागेल.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले काका आणि माझी ग्रंथपाल असलेली शाळेतली मैत्रीण. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. मंगळवार, ९ मार्च.

(सही)

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, म्हणून हे इथे. दादा, नुसती सही करून निघू नकोस. ते यंत्र तू स्वतः घेऊन जा, आणि ज्या कुत्र्याला बसवतील तो डोळे उघडेपर्यंत त्याच्याजवळ बस. "मला नाही जमायचं," म्हणशील, ठाऊक आहे. तरी विचारते. बसशील?