लादीखालचं पाणी

३ जानेवारी
"मरोळ गावठाणातल्या बंधुभगिनींनो, आपल्या पायाखाली काय चाललंय, हे आपल्याला कधीच कुणी सांगत नाही."
व्याख्यानाची सुरुवात झकास जमली. विषय: वेगवान रेल्वेच्या रुळांखालची जमीन पाण्याने कशी खचते. महिनाअखेरीस, आमच्याच सभागृहात. रोज घरी हॉलमध्ये फेऱ्या मारत तालीम. प्रत्येक मुद्द्याला टाच आपटतो. त्याशिवाय वाक्याला धार येत नाही.

८ जानेवारी
मुद्दा पहिला. रुळांखालच्या काँक्रीटला केसाएवढी भेग पडते. पाणी आत शिरतं, खाली साचतं. वरून काही दिसत नाही. खरी मेख तीच.
बायको, बर्था, म्हणते, मोरीचा पाइप गळतोय, हॉलमधली मधली लादी डुगडुगते, नळवाल्याला बोलव. म्हटलं, अगं, मी राष्ट्रीय प्रश्नावर बोलतोय. म्हणाली, बोल ना, पण लादीवरून उतरून बोल.
निश्चय: उद्या फोन.

१३ जानेवारी, सकाळी
फोन राहिला. दुसरा मुद्दा सुचत होता.
गाडीचं चाक दाबतं तेव्हा कोंडलेलं पाणी जोरात बाहेर उसळतं, बारीक माती सोबत घेऊन. चाक पुढे गेलं की पाणी परत आत. पुन्हा चाक, पुन्हा माती. हे म्हणताना टाच आपटली, तर लादीच्या सांध्यातून चिखलाची पिचकारी थेट इस्त्रीच्या पँटवर. बर्थाने फरशी नीट पुसली नसणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
व्हेनेसा म्हणाली, डॅडी, पंचवीसला माझं लग्न आहे. आदल्या दिवशी सगळा गाव इथे नाचणार. लादीचं बघ ना. पोरगी उगाच घाबरते. लादीवर गालिचा टाकला. प्रश्न मिटला.

१९ जानेवारी
तिसरा मुद्दा, सगळ्यांत जळजळीत. माती वाहून जाते, खाली पोकळी होते, आणि बेजबाबदार माणसं वरून झाकपाक करतात. म्हणताना अंगावर काटा आला.
गालिचा ओला. शेजारचा ग्लेनरॉय विचारत होता, अंकल, तुम्ही चालता तेव्हा ढोलासारखा आवाज का येतो? म्हटलं, जुन्या घरांचा नादच वेगळा.
फोन: लग्नानंतर. आता घरात कामगार नकोत.

२५ जानेवारी, सकाळी
काल उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, कळशी भरून घरी आणायची, ही आमची रीत. ग्लेनरॉयचा बँड हॉलमध्ये शिरला, मागून अख्खं गावठाण. गालिच्यावर नाच सुरू. एवढे श्रोते बघून मला राहवेना. मधोमध उभा राहिलो, बँड थांबवला, दोन शब्द बोलायला घेतले. पहिल्याच मुद्द्याला टाच आपटली.
लादी खाली गेली. मी पोटरीपर्यंत तिच्याबरोबर. चिखल ढोलवाल्याच्या तोंडावर.
बर्थाने कळशी खाली ठेवली. म्हणाली, उगाच गेलो रे विहिरीवर, पाणी घरातच होतं.
मग जे हसले, ते हसतच राहिले. व्हेनेसासुद्धा, डोळे पुसत. ग्लेनरॉय म्हणाला, अंकल, तिन्ही मुद्दे समजले. आता सभागृहात काय सांगणार?
घोटा सुजलाय. चर्चमध्ये मुलीला मी नेणार की मुलगी मला, ते दुपारी कळेल. पण व्याख्यान होणारच. फक्त शेवट बदललाय:
"बंधुभगिनींनो, देश, वेग, प्रगती, सगळं राहू द्या. आधी नळवाल्याला फोन करा. आज, आत्ता."
मी उद्या करतो.