मँडिबल म्हणजे काय रे?

३ मार्च

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

दुकानात वरच्या फळीवरून अस्तराचा तागा काढताना स्टुलावरून पडले, हे कानावर आलंच असेल. शिलाई मशीनच्या कडेवर हनुवटी आपटली आणि खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकलेत. सहा आठवडे नळीने सूप ओढायचं. बोलायला गेले तर जे निघतं ते फक्त मला कळतं.

लेकाकडे तिसऱ्या मजल्यावर आहे. खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. लेक-सून जिवापाड करतात, खोटं कशाला बोलू? पण तोंडाबरोबर माझे कानही मिटले असं त्यांना वाटतं. दुकान देऊन टाकायचं, हे माझ्यासमोरच चाललंय. मी पाटीवर लिहिते. लेक अर्धं वाचतो, ‘बघू गं आई’ म्हणतो आणि मी दमेन म्हणून पाटी काढून घेतो.

केसपेपरवर ‘मँडिबल’ लिहिलंय. जन्मभर शब्दकोशांची प्रुफं कुरतडलीस, तर सांग, हा शब्द आला कुठून? दिवसभर तोच एक कागद वाचतेय.

तब्येतीला जप.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझ्यासारखी बोलकी बाई आणि तोंडाला कुलूप!

शब्द लॅटिनमधला. ‘मांदेरे’ म्हणजे चावणे. त्यावरून चावायचं हाड ते ‘मांदिबुला’, आणि त्याचंच इंग्रजांनी ‘मँडिबल’ केलं. किड्यांच्या जबड्यालाही तेच म्हणतात, म्हणजे वाळवीही आलीच. मूळ शोधलं, पण त्यात बोलण्याचा कुठे मागमूस नाही, नुसतं चावणं.

आता मुख्य गोष्ट. काल भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मामा, आईची संमती आहे, सगळ्यांदेखत विचारलं, ती एका शब्दाने नाही म्हणाली नाही. ताई, मी कपाळावर हात मारला. तुझ्या तारेची आठवण करून दिली, तर म्हणाला, तिला नको असतं तर कळलं नसतं का? शनिवारी दुकान घेणारा कागद घेऊन येतोय. मी येऊ का? कळव.

तुझा,
वाळवी

१६ मार्च

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस, शनिवार पार पडला. दुकान घेणारे गृहस्थ आले, चहा झाला. लेकाने कागद पुढे केला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं आणि पेन हातात दिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या हातातलं कुणी काढून घेणार नव्हतं. सहीच्या जागी मी ठसठशीत लिहिलं, ‘मला दुकान द्यायचं नाही. मला कुणी विचारलं नाही.’

लेकाने ते वाचून गिळलं असतं. पण त्या गृहस्थांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मग कागद घडी करून खिशात घातला, मला नमस्कार केला आणि म्हणाले, बाई, तुमच्या मनाविरुद्ध नको.

ते गेल्यावर लेक भडकला. लोकांसमोर शोभा केलीस, म्हणाला. सुनेने त्याला गप्प केलं, तसा तो माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, दुकानात तुला पडलेली पाहिलं ना, तेव्हा वाटलं तू गेलीस. पुन्हा ते शटर उघडायचं माझ्याच्याने होत नाही. त्याच्या जबड्याला तर तारही नव्हती रे, तरी एवढं सांगायला दोन आठवडे लागले.

अजून महिना इथेच, भिंतीसमोर. दुकानाचं पुढे काय, तेही बोलणं व्हायचंय. पण काल तो आपणहून टेप घेऊन आला, शर्ट शिव म्हणाला, आणि माझ्यापुढे मुकाट उभा राहिला. गळा अर्धा इंच वाढलाय त्याचा. माप घेताना हाताला लागलं, पोरगं आवंढे गिळत होतं.

लोभ आहेच, त्याला पत्रांचं पाणी घालत जा.
तुझी ताई