शिट्टीत दोष नाही

४ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दिलेल्या कुकरविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र. गेल्या हिवाळ्यात तो तुझ्या हस्ते माझ्या घरी आला. सुरुवातीला त्याची वर्तणूक सज्जनास शोभेशी होती. आता त्याने मौनव्रत धरलं आहे. मंगळवारी मी आतल्या खोलीत पेपर वाचत शिट्टीची वाट बघत बसलो आणि त्याने बटाट्यांचा कोळसा केला. समोरच्या घरातली नर्स धुराच्या वासाने धावत आली. तिचं म्हणणं, ती पाच मिनिटं बेल वाजवत होती. म्हणजे बेलही गेली. एका घरातल्या दोन वस्तूंनी एकाच आठवड्यात मुकं व्हावं, याला मी योगायोग म्हणत नाही, संगनमत म्हणतो.

कुकरची शिट्टी सोबत पाठवली आहे. भाऊजींना दाखव. जन्मभर मशिनं उघडून बसलेला माणूस, त्यांना दोष सापडेल. फोनवर विचारलं असतंस तर, असं तू म्हणशील. फोनविषयीचं माझं मत गेले आठ महिने बदललेलं नाही: ज्याला वाक्य पुरं करायचं नसतं, त्याने फोन करावा.

इकडची बातमी मोठी आहे. आमचा फुटबॉल क्लब अंतिम फेरीत आहे. पहिला सामना इथे एक-एक असा बरोबरीत सुटला. दुसरा अठरा तारखेला, त्यांच्या देशात, त्यांच्या मैदानावर. मागच्या मारामारीमुळे आपल्या प्रेक्षकांना तिथे बंदी आहे. म्हणजे ते पन्नास हजार आणि आम्ही एकतीस, त्यातला एक मी, मोज्यांच्या जोड्या लावणारा. वडिलांनी आठव्या वर्षापासून शब्दरूपं घोकून घेतली ती यासाठीच, हे त्यांना ठाऊक असतं तर छडी जरा हलकी पडली असती.

बाकी ठीक. पूर्वी संघातली मुलं क्लबमधल्या माझ्या धुलाईखोलीत येऊन गप्पा छाटत बसायची. हल्ली येतात, ओठ हलवल्यासारखं करतात आणि जातात. पिढीच पुटपुटी निघाली. मी आपला हो हो म्हणतो. बहुतेक प्रश्नांना तेवढं पुरतं. दिवसभर मशीनचा ड्रम गरगरताना बघत बसतो. तोही अलीकडे फार सभ्यपणे चालतो.

कुकरवरचा राग तुझ्यावर नाही, हे जाणून लोभ पूर्ववत ठेवावा.

तुझा
पंडित

---

९ मे

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्रारअर्ज पोचला. शिट्टी ह्यांनी खिळ्याने कोरून साफ केली, भिंगातून बघितली, आणि काही सापडेना म्हणून माझ्याच कुकरवर बसवली. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तिथे ऐकू आली. शेजारच्यांचं मांजर कुंपणावरून पडलं. दोनदा करून बघितलं, मांजर दुसऱ्यांदा आलं नाही.

शिट्टी परत पाठवते आहे. तिच्यात दोष नाही.

वडिलांची तुला आठवण येते का रे? शेवटच्या दोन वर्षांत ते म्हणायचे की वर्गातली मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. एका मुलाला त्यासाठी त्यांनी आठवडाभर बाहेर उभं केलं होतं. तो गरीब पोरगा रोज येऊन उभा राहायचा. मला त्याचं तोंड अजून दिसतं. वडिलांना कुणी काही सांगितलं नाही. आईनेही नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून सगळे गप्प राहिले, आणि मग ते एकटेच बसू लागले. तू तेव्हा परगावी शिकत होतास.

हे मला का आठवलं, ते सांगत नाही. तू माझ्यापेक्षा शहाणा आहेस, निदान लहानपणापासून तसं सांगत तरी आला आहेस. सामन्याहून आलास की एखाद्या डॉक्टरकडे जाऊन ये. कुठल्या, ते तुझं तू ठरव.

फोनची वाट बघत नाही, पण ठेवलाय तिथेच आहे. जपून जा, आणि बहिणीवर रागावलास तरी चार ओळींत रागाव.

तुझी
ताई

---

१७ मे, हॉटेलातून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र निघण्याच्या दिवशी मिळालं. वडिलांबद्दलचा परिच्छेद मी एकदाच वाचला. मांजराबद्दलचा तीनदा.

इथे आमचं स्वागत यथासांग झालं. विमानतळावर अंडी, रस्त्यात बसच्या काचेवर दगड. मुलांना दुपारी झोप मिळू नये म्हणून तीसेक गाड्या हॉटेलभोवती हॉर्न दाबून फिरत होत्या, असं समजतं. समजतं म्हणण्याचं कारण, मी झोपलो होतो. माझ्या खोलीतल्या मालीशवाल्याने मला गदागदा हलवून उठवलं तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत कापूस आणि डोळ्यांत पाणी होतं. जेवणाच्या टेबलावर त्याने ही कथा तिखटमीठ लावून सांगितली आणि माझं नाव स्थितप्रज्ञ पडलं. मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक. त्यांनी मुलांना म्हणे सांगितलं की धीर कसा असतो ते पंडितकाकांकडून शिका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत माझ्यासाठी वाजलेल्या या पहिल्या टाळ्या. मी हो हो म्हणालो.

पेटारा भरून झाला आहे. प्रत्येकाचा जादा शर्ट घेतला आहे, कारण रक्ताचा डाग पडलेल्या शर्टात पंच खेळू देत नाहीत. बदलेपर्यंत खेळाडू बाहेर आणि संघात एक माणूस कमी. पाच नंबरचा शर्ट सगळ्यात वर ठेवला आहे. तो आमच्या कपाटाचा. कपाट म्हणजे बचावातला उंच मुलगा; त्याला हलवून कुणी पुढे जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक सामन्यात तो डोकं फोडून घेतो.

खिडकी बंद आहे. खाली माणसं तोंडं वासून माझ्याकडे बघत मुठी हलवत आहेत. मासे बघावेत तसं दिसतं. तुला लिहिताना बरं वाटतं, एवढंच.

लोभाची शिदोरी उद्यापुरती तरी पाठव.

तुझा
पंडित

---

२२ मे

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं हॉटेलातलं पत्र काल मिळालं. सामना आम्ही टीव्हीवर बघितला. फार वाईट झालं. आवाज इतका होता की ह्यांनी टीव्ही अगदी बारीक केला.

तू दिसलास. पाठमोरा. रक्ताने माखलेला शर्ट काढून तुझा कपाट उघडा उभा होता, हात पुढे करून. मालीशवाला ओरडत होता, तुमचे मास्तर ओरडत होते. तू खाली वाकून बुटांची नाडी ओवत होतास, घरी बसून ओवावी तशी. हे म्हणाले, बिचाऱ्याला त्या कालव्यात कसं ऐकू येणार. मला कुंपणावरून पडलेलं मांजर आठवलं.

लिही. मोठं नको, खरं लिही.

तुझी
ताई

---

२६ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दाराखाली होतं. त्याच्यावरून चालत आत आलो आणि बूट काढून मग वाचलं.

सत्तराव्या मिनिटाला कपाटाच्या भुवईवर कुणाचं तरी डोकं आपटलं. पंचांनी त्याला बाहेर काढलं. माझा पेटारा त्याच्यापासून चार पावलांवर होता आणि शर्ट सगळ्यात वर होता. हात घालायचा अवकाश. मी पाठ करून बदली खेळाडूचे बूट बघत होतो. खांद्यावर हात पडला तेव्हा वळलो. तेवढ्या वेळात त्यांना कॉर्नर मिळाला, आणि जिथे कपाट उभा असतो त्या जागेतून चेंडू आत गेला. एक-शून्य. तेवढ्यावरच चषक गेला.

मला कुणी बोललं नाही. बसमध्ये मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. जवळून, तोंडाकडे बघत असलो की मला समजतं. ते म्हणाले की त्या गोंगाटात देवालाही हाक पोचली नसती. मालीशवाल्याने मान डोलावली. त्याच्या कानांत अजून कापूस होता.

ताई, तिथे गोंगाट होता हे मला इतरांच्या तोंडावरून कळलं. ढोल पायांच्या तळव्यांना लागत होते, तेवढंच. पन्नास हजार माणसं शिट्ट्या मारत होती, त्यातली एक माझ्यापर्यंत आली नाही. मी आपला धुलाईखोलीत असतो तसा निवांत होतो. त्या निवांतपणाला सगळे धीर म्हणत होते आणि मला ते आवडत होतं.

इथे पेपरांनी कपाटाला धरलं आहे. शर्ट बदलायला दोन मिनिटं लावली, पेटाऱ्यातून स्वतः का घेतला नाही, असं लिहितात. काल तो धुलाईखोलीत माझ्याकडे आला, भुवईवर सात टाके. माझ्यासमोर बसून म्हणाला की त्याने हाक आणखी जोरात मारायला हवी होती, माफ करा काका. मला तो वर्गाबाहेर उभा असलेला मुलगा आठवला, ज्याला मी कधी पाहिलंही नाही.

तो गेल्यावर घरी येऊन शिट्टी बसवली आणि कुकरसमोर उभा राहिलो. ती वर उचलली गेली, वाफेचा फवारा आला, खाली बसली. असं तीन वेळा. वळलो तर दारात नर्स, दोन्ही हात कानांवर. शिट्टीत दोष नाही. बेलही चांगली आहे, असं तिने सांगितलं. मुलंही पुटपुटत नसणार. आठ महिने मी समजत होतो की माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. मी रुसूनही बघितलं. कुणाला कळलं नाही.

सोमवारी मास्तरांकडे जाऊन सांगणार आहे, की चूक कपाटाची नव्हती आणि गोंगाटाचीही नव्हती. पेपरवाल्यांनाही हेच सांगा म्हणणार आहे. वाक्यं पाठ केली आहेत. तेवढं घोकणं मला जमतं.

भाऊजींना नमस्कार, मांजराची क्षमा मागतो. लोभ आहे, हे आता डोळ्यांनी वाचायला मिळावं, म्हणून लिहीत राहा.

तुझा
पंडित

ता. क. : काम जाईल याची भीती फारशी नाही. सांगून झाल्यावर मास्तर खाली मान घालून काहीतरी बोलतील, मला ते ऐकू येणार नाही, आणि मी हो हो म्हणून बाहेर येईन, याची आहे.