खांद्यावरचा हात

बाबा, परवा एका पुढाऱ्याचं पत्रक हाती आलं आणि तुमचा तो लाकडी ठसा आठवला. छापखान्यासाठी तुम्ही तो आपल्या चांद्याच्या घरी, चुलीजवळच्या खिडकीत बसून कोरला होता. आई गेल्यापासून चूल माझ्याकडे होती. मी भाकरी थापते आहे, तुमच्या कोरणीखालचे कपचे पिठात उडताहेत आणि मी चिडते आहे. निवडणूक जवळ आली होती, ठसा एका पुढाऱ्याच्या पत्रकासाठी होता. अशा चित्रात प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो, असं तुम्ही सांगायचात: मागे सूर्य म्हणजे नवं राज्य, हातात धानाची लोंबी म्हणजे भरलं पोट. छापखान्याच्या मालकांना पुढाऱ्याच्या पायाशी बसलेला गोंड हवा होता, डोक्यावर पुढाऱ्याचा हात. तुम्ही मात्र पोंभुर्ण्याहून शिवणीचं लाकूड आणून देणाऱ्या गोंड भाऊंनाच कोरलंत, पुढाऱ्याच्या बरोबरीनं उभं, आणि तो हात त्यांच्या खांद्यावर ठेवलात. तुमचं तोंड छापून येणार, असं त्यांना सांगूनही टाकलंत.

मालक ठसा बघायला घरी आले. "याले खाली बसवा. नाई तं उद्यापासून येऊ नका."

"खाली काऊन बसवू? मत तं तो उभ्यानंच टाकते ना?"

उद्या असाच नेऊन देतो म्हणत तुम्ही ठसा फडक्यात बांधलात आणि नदीवर निघून गेलात. मी घाबरले. धाकटी दोघं शाळेत, घरात तुमचाच पगार. कोरलेला माणूस खाली बसवता येत नाही, पण लाकूड खरवडलं की कागदावर तिथं कोरं उमटतं, एवढं मला तुमच्याकडं बघून कळत होतं. मी फडकं सोडलं, तुमच्याच कोरणीनं ठशातल्या भाऊंना पार काढून टाकलं आणि फडकं होतं तसं बांधलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते न उघडताच मालकांपुढं ठेवलंत.

पत्रकावर पुढारी एकटेच, हात हवेत. लोकांना तो आशीर्वाद वाटला. काहींनी तर ते देवळीत, देवांशेजारी लावलं. मालकांनीच माणूस खोडला असं समजून तुम्ही त्यांना नको नको ते बोललात आणि काम सोडलंत. पुढं लाकडाच्या टालीत ओंडक्यांवर नंबर घालत राहिलात.

भाऊ आले, तेव्हा त्यांनी पत्रक बराच वेळ पाहिलं. "मी कुठी आहो याच्यात?"

"मालकानं काढलं, भाऊ. माफ करा," तुम्ही म्हणालात. मी पाठमोरी चहा गाळत होते. खरं काय ते सांगितलं नाही, तुमच्या शेवटच्या आजारातही नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी घालून ठेवते. केल्याची लाज तर आहेच. पण खरवडून झाल्यावर मी लाकडावरून बोट फिरवलं, कुठं कड राहिली नव्हती, आणि वाटलं, आपलाही हात तुमच्यासारखा बसलाय. मला फार आनंद झाला होता, बाबा.