कोरडा कागद

८ फेब्रुवारी

नळी निसटली! उकळत्या भांड्यातून बाहेर येणारी, व्हॉल्व्हवरून सटकन — आणि बार्लीचं गरम पाणी अर्ध्या बेसमेंटभर. डाव्या पायावर दोन फोड. ओरडले नाही. थोडीशी ओरडले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं. भानुदास काका. हे घर त्यांचं, बेसमेंट मला भाड्याने. बाबांचे नागपूरच्या हॉस्टेलपासूनचे मित्र. पंचशील, त्यातलं दारूला न शिवण्याचं पाचवं शीलही, अक्षरशः पाळणारा माणूस — आणि मी त्यांच्याच घरात चोरून बिअर बनवत उभी! भांडं, बादली, यीस्टची पाकिटं, सगळं समोर. काही लपवायला जागाच नव्हती.

त्यांनी आधी व्हॉल्व्ह बंद केला. मग माझा पाय सिंकमध्ये थंड पाण्याखाली धरायला लावला. मग वाकून नळीचं टोक उचललं, अंगठा फिरवला, आणि इतकंच म्हणाले, "ही क्लिप कुणी लावली?"

९ फेब्रुवारी

बाबांना सांगतील का? दिवसभर हेच.

बाबांचे मोठे भाऊ दारूने गेले. मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून त्या एका विषयावर बाबा काहीच ऐकून घेत नाहीत. दर रविवारी विहारात मुलांना पंचशील शिकवतात. मला पिण्यापेक्षा बनवण्यात मजा येते, हे त्यांना कोण समजावणार? आणि मार्चमध्ये ते व्हिसावर इकडे येतायत. सहा महिने!

१० फेब्रुवारी

वर बोलावणं आलं. प्रतिमा काकूंनी पोहे ठेवले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे त्यांनाही माहितीये.

काका म्हणाले, प्यायची ती घराबाहेर. जगन्नाथला — म्हणजे बाबांना — ते आपणहून सांगणार नाहीत. "पण त्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ते मला जमत नाही."

मी मान हलवली. वाटलं, आता खोली सोडायला सांगणार. तर म्हणाले, "आणि सुटणारा जॉइंट माझ्या घरात चालणार नाही. शनिवारी सामान बघायला जाऊ."

१५ फेब्रुवारी, शनिवार

काय माणूस आहे यार!

दुकानात फिटिंगची अख्खी भिंत. मी मागच्या वेळी इथे पाच मिनिटांत सगळं उचललं होतं. काका दीड तास उभे. अंकुर — ऑफिसमधला, बिअरचं खूळ मुळात त्याचं — त्याने सुचवलेलं नळी जोडायचं प्लास्टिकचं कपलिंग मी दाखवलं. काकांनी नखाने दाबलं, परत ठेवलं. "गरम पाण्यात हे तिसऱ्या वेळी रडेल." ॲल्युमिनियमचं हातात तोललं आणि म्हणाले, धुवायची पावडर हे खाऊन टाकेल. मग स्टेनलेसचं. दोन बाजूंना दोन दांड्या, त्यांना ते कान म्हणतात. दोन्ही कान एकदम दाबले की टक्! पाना नको, क्लिप नको, पीळ द्यायला नको.

प्रत्येक कपलिंग डोळ्याला लावून आरपार बघितलं. एकाचं भोक जरा बारीक निघालं. मी म्हटलं, काका, केसाएवढा फरक आहे. तर म्हणे, "नळी कितीही जाड घे. जिथे सगळ्यात बारीक, तेवढंच पाणी."

येताना गाडीत कळलं — इथल्या कपलिंगच्या कंपनीत सव्वीस वर्षं, आणि त्याआधी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आठ वर्षं फिटर. आठ वर्षं दारूच्या पाईपांमध्ये आणि थेंब चाखला नाही! मी विचारलं, कसं चालायचं तुम्हाला? "पाईपातून काय जातं ते कारखाना ठरवायचा. ते बाहेर येऊ न देणं माझं काम."

मी गोष्टी लिहिते, पण माझं एकही वाक्य असं डोळ्याला लावून बघितलेलं नाही.

२२ फेब्रुवारी

टेस्टिंग. काकांची पद्धत: आट्यांवर टेफलॉन टेप, बरोबर तीन वेढे. जोडायचं. साधं पाणी सोडायचं. आणि खाली कागद पसरायचा — पेपरात येतात ती कूपनांची पानं. थेंब पडला की कागदावर दिसतो, फरशीवर दिसत नाही. मग अर्धा तास बघत बसायचं.

अर्धा तास! मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. सतराव्या मिनिटाला एक थेंब. काका खूश! "बघ, घाई केली असतीस तर हा सापडला नसता." उघडलं, आतलं रबरी गास्केट पालथं घातलं, परत जोडलं, नवा कागद. परत अर्धा तास.

बसल्या बसल्या माझी एक गोष्ट त्यांना वाचायला दिली. ती फक्त फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांची आहे ती, शेवट नसलेली. चष्मा लावून पूर्ण वाचली. म्हणाले, आत काय आहे ते मला कळलं नाही, पण मध्ये कुठेतरी सुटते. कुठे ते तू शोध.

पाचव्या चिठ्ठीत सुटते. मला माहीत होतं!

२ मार्च

उकळत्या पाण्याची टेस्ट. कागद कोरडा!!

१६ मार्च

बाबा आले. बादली अंकुरकडे पोचवली, भांड्यावर चादर टाकली. काका आणि बाबा दिवसभर बडबडतायत, जेवताना एकमेकांच्या ताटातलं उचलतात. चाळीस वर्षांची दोस्ती. बाबांनी काही विचारलं नाही.

६ एप्रिल

इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाची जयंतीच्या कार्यक्रमाची मीटिंग आमच्याकडे झाली. हॉलवाल्यांचा चहाचा मोठा बॉयलर बिघडलाय. दोनशे माणसांचा चहा कशात करायचा? मी पटकन बोलून गेले — खाली माझं भांडं आहे! दोन नळ्या काढून दोन टेबलांवर चहा देता येईल!

सगळ्यांना आयडिया आवडली. काका नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या भांड्यात नुसती बार्ली उकळली, दारू बादलीत झाली. भांड्याला माझी हरकत नाही. पण जगन्नाथ तिथे असणार."

मी म्हटलं, ते कशाला विचारतील?

खरं सांगायचं तर मला ते सगळ्यांना दाखवायचं होतं.

१२ एप्रिल



चहा भारी झाला. पोरं मुद्दाम रांगेत परत उभी, कान दाबून बघायला. कागद खाली पसरलेला, कोरडा. आणि बाबा — वीज मंडळात आयुष्य गेलेला माणूस, यंत्र दिसल्यावर दूर कसा राहील? — कपलिंगवर हात फिरवत म्हणाले, "भानू, काम झकास आहे. पण हे मुळात कशासाठी बनवलं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तीन-चार सेकंद तरी मिळाले मला. मी बोलू शकत होते.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या कपाकडे.

"चहासाठीच," म्हणाले.

बाबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मग वंदना. त्रिशरण, पंचशील. सगळे उभे. काका माझ्या उजवीकडे. त्यांचा आवाज खर्जातला, रांगेत वेगळा ऐकू येतो. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आवाज आलाच नाही. पाचव्याला परत आला.

१३ एप्रिल

सकाळी वर गेले. म्हटलं, काका, मी बाबांना सांगते. सगळं.

ते दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. "सांग. पण मग माझंही सांग, की मी खोटं बोललो. अर्धं सांगू नकोस."

बस्. तिथेच अडकले. बाबा माझ्यावर चिडतील, महिनाभर बोलणार नाहीत, ते मी सोसेन. पण काकांच्या ताटातला घास उचलताना त्यांचा हात थांबला तर?

खाली जाऊन भांड्यासमोर बसले. अर्धा तास. हलले नाही. मग एकच गोष्ट सुचली — काका जे बोलले ते निदान खरं तरी करता येईल.

१९ एप्रिल

भांडं, दोन नळ्या, चारही कपलिंग मंडळाला देऊन टाकली. अंकुरला सांगितलं, माझ्याकडून बंद. बाबांना काहीच सांगितलं नाही. भांड्यावर मार्करने हे मोठं लिहिलं: चहा.

काकांनी वाचलं. बराच वेळ वाचलं, एवढासा शब्द. मग कान दाबून बघितले आणि म्हणाले, "गास्केट दरवर्षी बदलायचं."

१२ मे, बुद्धपौर्णिमा

दीडशे कप. कागद कोरडा. वंदनेला काका उजवीकडे, बाबा डावीकडे, मी मध्ये.

चौथ्या शीलाला काकांचा आवाज आला.

माझा आला नाही.