दर्याला पाटी दाखवा

मुरुड, ७ नोव्हेंबर

ती. बाबा,
नमस्कार करते, पण या वेळी मान खाली घालून.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, की कमळमावशी हल्ली आमच्या रिसॉर्टच्या बागेत, शांतिवनात, येत नाहीत, त्यांचं मन निवलं असावं. ते खोटं होतं. त्यांना मीच बाहेर काढलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा होडीसकट बुडाला, तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी इथूनच समुद्राकडे बघून त्याला हाका मारायच्या. बाग नंतर झाली. पाहुण्यांनी तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापक मला म्हणाले, "मॅडम, ही जागा चिंतनासाठी आहे, रडारडीसाठी नाही." देखरेख माझ्याकडे, म्हणून मी मावशींना 'शांतता राखा'ची पाटी दाखवली.

"पोरी, दर्या एवढा गाजतो, त्याला दाव ना तुजी पाटी!" म्हणाल्या आणि गेल्या. व्यवस्थापकांनी माझं कौतुक केलं. ते मात्र तुम्हाला लगेच कळवलं होतं.

आता बाग खरंच शांत आहे. मला तिथे बसवत नाही.

घरी शिकवताना तुम्ही चूक खोडू द्यायचा नाहीत, शेजारी बरोबर लिहायला लावायचात. म्हणून हे पत्र.

आईचा गुडघा कसा आहे? सुपारी सोलायला माणसं मिळाली का? मी वेळेवर जेवते. नोकरी गेली, तर आईला तुम्हीच सांगा.

मावशींचा मुलगा गेला ती तारीख गुरुवारी आहे. बारा नोव्हेंबरला, संध्याकाळी पाच वाजता, मी त्यांना हाताला धरून फाटकातून आत आणणार आहे.

तुमची,
आश्लेषा