घरातल्या बाईला विचारलं का?

अप्पा, कैद्याला पॅरोलवर सोडलं तर धोका किती, हे ठरवायचं काम तुम्ही स्कूटरवरून गावोगाव हिंडून केलंत. आता त्यासाठी गुणांचा तक्ता आहे, आणि तो तक्ता खरा ठरतो का हे तपासायचं काम माझ्याकडे आलं आहे.

शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला अळणावरजवळच्या एका गावी नेलंत, तो दिवस हल्ली फार आठवतो. कैद्याची आई उंबऱ्यावर बसून मुलाचं कौतुक सांगते आहे, तुम्ही चहा घेत ऐकता आहात. मग शेजाऱ्यांना बोलवायच्या निमित्तानं तुम्ही तिला बाहेर पाठवता आणि भाकरी थापणाऱ्या सुनेला, म्हणजे त्याच्या बायकोला, हळूच विचारता, तो पंधरा दिवस घरी आला तर चालेल का. ती मान वर न करता म्हणते, "ब्याडरी, साहेब." नको. तुम्ही नकार लिहिलात. परतताना मी म्हटलं, म्हातारी किती रडली हो. तुम्ही स्कूटर थांबवून मला रागावलात, "तो येणार हिच्या घरात. मग हिला कोण विचारणार?"

तक्त्यात तसा रकाना नाही. वय, आधीचे गुन्हे, पक्का पत्ता, नोकरी. ज्यांना धोक्याचे जास्त गुण पडले ते आतच राहिले. बाहेर आले असते तर कसे वागले असते, हे कुणालाच कळणार नाही, मग तक्ता खरा ठरला कसं म्हणायचं? बैठकीत मी हे मांडलं तेव्हा साहेबांनी शांतपणे विचारलं, मग सगळ्यांनाच सोडायचं का? 

त्यातच एका कैद्याच्या अर्जावर माझं मत मागवलं गेलं. आई अंथरुणाला खिळलेली, पण भाड्याच्या खोल्या बदलत राहिल्यामुळे पक्का पत्ता नाही, म्हणून धोका जास्त. मी गोकुळ रोडच्या मागे त्याच्या बहिणीच्या खोलीवर गेले. तिच्या नवऱ्याला बाहेर थांबायला सांगून विचारलं, अक्का, तो इथं राहिला तर तुम्हाला भीती वाटेल का?  आईचे पाय चेपता चेपता ती म्हणाली, "भीती वाटते. तरी येऊ दे." दोन्ही वाक्यं मी जशीच्या तशी लिहिली आणि खाली 'सोडावं' असं मत देऊन सही केली.

तो सुटला. त्या दिवसांत फोन वाजला की मी दचकत होते. मुदत संपली त्या सकाळी तो स्वतःहून तुरुंगाच्या दाराशी हजर झाला. ऑफिसात सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हणाले.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवतं आहे. अप्पा, मला हायसं वाटलं ते माझी सही अंगाशी आली नाही म्हणून. त्या खोलीत ते दिवस कसे गेले, हे विचारायला मी अजून गेलेले नाही.